प्लॅन वाढवून लॅग जात नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा लागला की ऑनलाइन नेमबाजीचे गेम खेळणाऱ्या मुलांची एकच तक्रार असते : गोळी झाडली पण लागली नाही, समोरचा खेळाडू उडी मारल्यासारखा भलतीकडे दिसतो. मग घरचे १०० एमबीपीएसचा प्लॅन २०० चा करतात. पैसे जातात, लॅग (खेळातला हा उशीर) तसाच राहतो. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ चा सामना चालू असताना एक-दोन एमबीपीएस पुरतात. महत्त्व आहे ते प्रत्येक पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) वेळेवर पोहोचण्याला. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी खेळाचा हिशेब करतो. काही पॅकेटे गळली किंवा मागेपुढे आली की तो हिशेब बिघडलेला पडद्यावर दिसतो.

म्हणून प्लॅनला हात लावण्याआधी दोष घरात आहे की घराबाहेर, हे ठरवावे. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडा. एकीत राऊटरच्या पत्त्याला (बहुतेक घरांत १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) आणि दुसरीत ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर) पिंग लावा, म्हणजे पॅकेट जाऊन परत यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा, शेवटी -टी जोडून. आज्ञा इंग्रजी अक्षरांतच टंकावी, उदा. ping 8.8.8.8 -t. दहा मिनिटे गेम खेळून दोन्ही आकडे पाहा. राऊटरपर्यंतचा आकडा १ ते ५ मिलिसेकंद हवा. तोच मध्येच ८०-१०० वर उडत असेल, तर दोष वाय-फायचा आहे आणि कंपनीला फोन करून उपयोग नाही. राऊटरपर्यंत सगळे स्वच्छ आणि पुढेच गळती दिसत असेल, तर तक्रार जरूर करावी.

आपल्याकडे गोव्यात वाय-फायचा खरा शत्रू चिरा (जांभा दगड) आहे. जुन्या घरांच्या जाड भिंती सिग्नल अडवतातच, त्यात चिरा सच्छिद्र असल्याने पावसात पाणी धरून ठेवतो आणि पाणी रेडिओ लहरी शोषते. मे महिन्यात चालणारी खोली जुलैत चालत नाही, त्याचे हे एक कारण. राऊटर घराच्या पुढच्या सोप्यावर आणि मुलगा राजांगणापलीकडच्या खोलीत, अशी मांडणी असेल तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा तिथे पोहोचणार नाही. २.४ पोहोचेल, पण त्यावर शेजाऱ्यांचे राऊटर आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. तिथे चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळे निवडावे. स्वस्त रिपीटर (वाय-फाय पकडून पुढे सोडणारा डबा) मात्र आणू नये. एकाच रेडिओवर घेणे आणि पुन्हा सोडणे यात उशीर वाढतो. कॅट ६ केबल ओढणे हाच पक्का उपाय. १०० मीटरपर्यंत ती बिनघोर चालते, फक्त शुद्ध तांब्याची घ्यावी. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल लवकर तुटते.

केबल जोडूनही ठरावीक वेळीच पिंग २० वरून २०० वर जात असेल, तर बहुधा घरातला एखादा फोन फोटोंचा बॅकअप चढवत असतो. अपलोडची वाट भरली की राऊटर पॅकेटे रांगेत उभी करतो आणि गेमचे पॅकेटही त्या रांगेत अडकते. राऊटरमध्ये क्यूओएस किंवा एसक्यूएम (ही रांग आवरणारी सोय) असेल तर डाउनलोड आणि अपलोड या दोन्हींच्या मर्यादा प्रत्यक्ष मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधाव्यात. वेग थोडा घटतो, पण रांग लागत नाही.

आता घराबाहेरचे. पणजी ते मुंबई सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाशाला जाऊन-येऊन ४ मिलिसेकंद लागतात. वळणे धरूनही मुंबईच्या सर्व्हरला १५ ते ३० पिंग मिळायला हवा. ६०-७० च्या पुढे स्थिर दिसला तर आधी गेममध्ये सिंगापूरचा सर्व्हर तर निवडलेला नाही ना, हे पाहावे. ट्रेसर्टमध्ये (सर्व्हरपर्यंतच्या वाटेतले टप्पे दाखवणारी विंडोजची आज्ञा) मधल्याच एका टप्प्यावर उत्तर येत नसेल आणि पुढचे टप्पे ठीक असतील, तर तो दोष समजू नये. अनेक राऊटर पिंगला मुद्दामच उत्तर देत नाहीत.

पावसात खांबावरची फायबर माडाच्या झावळीने ओढली जाते, वाकते, आणि प्रकाश कमी पोहोचतो. फायबर ज्याला जोडलेली असते त्या कंपनीच्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर (ब्राउझरमध्ये उघडते) येणारी प्रकाशशक्ती डीबीएम या एककात दिसते. उणे १५ ते उणे २५ ठीक, उणे २७ च्या खाली गेली की पॅकेटे गळू लागतात, जरी डब्यावरचा एलओएसचा (प्रकाश तुटल्याचा) लाल दिवा लागलेला नसला तरी. घरात फायबरची वेटोळी हाताच्या मुठीपेक्षा घट्ट गुंडाळू नये आणि तिच्या टोकात डोळा घालून पाहू नये. वीज क्षणभर गेली तरी डबा पुन्हा चालू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो, तोवर सामना हातचा गेलेला असतो. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस डब्याला आणि राऊटरला लावावा. दोन्हींच्या अडॅप्टरवरचे अँपिअर मोजून घ्यावा.

गोव्यातील सर्व इंटरनेट पुरवठादारांना विनंती आहे की जोडणी देताना आणि दुरुस्ती करताना ही डीबीएमची नोंद ग्राहकाच्या पावतीवर तारखेसह लिहून द्यावी. पुढच्या पावसात ग्राहकाला तुलना करता येईल, आणि ‘स्पीड टेस्ट बरोबर येते’ एवढ्या उत्तरावर तक्रार बंद होणार नाही.

आपले,
नेटवर्क तंत्रज्ञ वाचक, फोंडा