मूळ कागद परत हाती देणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपल्या कंपनीने पोलंडमधील लोड्झ येथे नवे केंद्र सुरू केले आणि तिथल्या तरुणांबरोबर नागपुरातूनही काही मुलामुलींची निवड केली, त्यांत माझी मुलगी आहे. नोकरीबद्दल कंपनीचे आभार तिने मानलेच आहेत. हे पत्र मात्र त्या दिवशी नागपुरातल्या मिहान या औद्योगिक परिसरातील कार्यालयात आपण केलेल्या एका लहानशा कृतीसाठी आहे.

तिच्या कागदपत्रांची पडताळणी संपल्यावर मी बसलो होतो तिथपर्यंत आपण स्वतः तिच्यासोबत आलात. दहावीच्या गुणपत्रिकेपासून पदवी प्रमाणपत्रापर्यंत एकेक कागद माझ्यासमोर मोजून फाइलमध्ये ठेवलात, फाइलची नाडी बांधलीत आणि म्हणालात, "काका, मूळ कागद कोणाकडेही ठेवायचे नसतात, आमच्याकडेसुद्धा नाही."

मला तेव्हा बोलता आले नाही. याआधी एका भरती एजंटने परदेशातील नोकरीचे आमिष दाखवून हीच प्रमाणपत्रे कित्येक महिने अडकवून ठेवली होती. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून 30,000 रुपये व जीएसटी यांहून अधिक शुल्क घेता येत नाही, आणि याने त्याच्या कितीतरी पट रक्कम मागितली. विचारपूस करायला गेलेल्या माझ्या मुलीला तो साधे बसायलाही सांगत नसे. पैशांपेक्षा तेच अधिक सलते.

माझे वडील नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापडगिरणीत कामाला होते. जमशेटजी टाटांनी 1877 मध्ये सुरू केलेल्या त्या गिरणीत कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधी 1901 मध्येच आला होता, आणि वडील हे आम्हांला पुन्हा पुन्हा सांगत, कारण राबणाऱ्याला माणूस म्हणून वागवले जाते याचा त्यांना अभिमान होता. गिरणी बंद पडली. तिच्या जागेवर आज मॉल आहे. मुलगी सांगते, लोड्झही कापडगिरण्यांचेच शहर, आणि तिथेही गिरणीमालक पोझनान्स्कींच्या अवाढव्य गिरणीत आता मॉल थाटला आहे. अशा दोन शहरांतल्या मुलांना एकाच ठिकाणी काम मिळाले, याचे मोल गिरणीचा भोंगा थांबल्यावर घराचे काय होते हे पाहिलेल्यांनाच कळेल.

पुढच्या भरतीला विदर्भातून जी मुले येतील, त्यांतल्या अनेकांनी असे एजंट सोसलेले असतील. त्यांची कागदपत्रेही आपणच तपासावीत, एवढी विनंती आहे.

आपला कृतज्ञ,
एक पालक, नागपूर