अपग्रेडनंतर ‘एल्डन रिंग’ मराठी विकीवरील पात्रांच्या पानांची मोडतोड : तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
विकी होस्टिंग विभाग

महोदय/महोदया,

आपल्या सर्व्हरवर, वार्षिक शुल्काच्या योजनेत, आमची मराठी विकी आहे. तिच्यावरची ‘एल्डन रिंग’ या गेममधल्या पात्रांची पाने मागच्या महिन्यातल्या आपल्या अपग्रेडनंतर बिघडली. आम्ही तीनदा कळवले; मदतकक्षाने तिन्ही वेळा ‘ब्राउझरची कॅशे रिकामी करा’ एवढेच उत्तर दिले. बिघाड ब्राउझरमध्ये नाही. हे पत्र कृपया डेटाबेस सांभाळणाऱ्यांच्या हाती द्यावे.

सर्वांत मोठे नुकसान माहितीचौकटीचे, म्हणजे पानाच्या कडेला थोडक्यात माहिती देणाऱ्या तक्त्याचे आहे. आपल्या सांगकाम्याने (आपोआप संपादने करणाऱ्या बॉटने) आमचा जुना, तक्त्याचा साचा (अनेक पानांवर वापरायचा तयार नमुना) नव्या धाटणीच्या चौकटीत बदलला. साच्यातले पॅरामीटर, म्हणजे रकान्यांची नावे, देवनागरीत होते : टोपणनाव, आवाज, ठिकाण, आवृत्ती. सांगकाम्याला रोमन लिपीतलीच नावे कळली, बाकीच्या ओळी रिकाम्या धरल्या गेल्या, आणि नवी चौकट रिकामी ओळ दाखवतच नाही. म्हणून कुठे लाल अक्षरांत चूक उमटली नाही. चौकट नुसती आखूड झाली. एवढ्यावर थांबले असते तर साच्याची जुनी आवृत्ती परत आणून भागले असते. पण दुसऱ्या फेरीत त्याच सांगकाम्याने ‘न वापरलेले पॅरामीटर’ म्हणून ती माहिती पानांच्या मजकुरातूनही पुसली. आता साचा नीट केला तरी दाखवायला काही उरलेले नाही.

हे रकाने शोभेचे नाहीत. ॲलेक्झांडर हा योद्धा-रांजण आधी स्टॉर्महिलमध्ये खड्ड्यात अडकलेला भेटतो, मग गेल बोगद्यात, मग रेडमेन किल्ल्यात, नंतर लिउर्नियात पुन्हा अडकलेला, पुढे माउंट गेल्मिरला आणि शेवटी फारुम अझुलात. लिउर्नियात तो नुसत्या फटक्याने सुटत नाही. आधी त्याच्यावर तेलाचे मडके फेकावे लागते. हे सगळे ‘ठिकाण’ या एका रकान्यात क्रमाने होते. ‘आवृत्ती’चेही तेच. १७ मार्च २०२२ च्या १.०३ अपडेटमध्ये डायालोस, नेफेली लूक्स, केनेथ हाइट आणि द्वारपाल गॉस्टॉक यांच्या कथानकांत नवे टप्पे आले, जार-बेर्न हे पात्रच नव्याने आले. डिस्कवरून अपडेट न करता खेळणाऱ्याला ते टप्पे दिसणार नाहीत, हे सांगणारी तेवढी एकच ओळ पानावर होती.

जिथे रकाने वाचले, तिथे याद्या मोडल्या. विकीमजकुरात ताराचिन्ह ओळीच्या सुरुवातीला असेल तरच यादी होते. सांगकाम्याने बरोबरच्या (=) चिन्हानंतरची नवी ओळ काढली, त्यामुळे पहिले ताराचिन्ह जसेच्या तसे छापले जाते.

दुरुस्ती करताना सरसकट जुनी आवृत्ती लादू नये. मधल्या काळात लोकांनी इतर परिच्छेदांत केलेल्या सुधारणा त्यात जातील. ‘संपादन उलटवा’ही बऱ्याच पानांवर चालत नाही, कारण चौकटीच्या त्याच ओळींना नंतर कोणीतरी हात लावला आहे. प्रत्येक पानाच्या इतिहासातून सांगकाम्याच्या पहिल्या फेरीआधीची आवृत्ती घ्यावी, तिच्यातला फक्त चौकटीचा भाग काढून आजच्या मजकुरात बसवावा. मग प्रत्येक पानावर शून्य संपादन (काही न बदलता पान पुन्हा जतन करणे) चालवावे. नुसते पर्ज केल्याने, म्हणजे सर्व्हरवरची पानाची साठवलेली प्रत काढल्याने, साच्यातून लागणाऱ्या वर्गांच्या (पानांच्या विषयवार याद्यांच्या) नोंदी बदलत नाहीत.

दुसरी गोष्ट अक्षरक्रमाची. वर्गांची मांडणी पूर्वी मराठी क्रमाने व्हायची, आता युनिकोडच्या क्रमांकांनी होते. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आले आणि त्याचा क्रमांक (०९७२) ‘ह’च्या (०९३९) पुढचा आहे. परिणामी ॲलेक्झांडर आणि ॲस्टेल दोघेही ‘ह’च्या खाली जाऊन बसले. वर्गाच्या एका पानावर २०० नोंदी मावतात, म्हणजे बॉस (गेममधले मोठे शत्रू) धरून भरलेल्या आमच्या वर्गात ते शेवटच्या पानावर गेले. तूर्त आम्ही त्या पानांवर ‘डिफॉल्टसॉर्ट’ या क्रम ठरवणाऱ्या सूचनेमध्ये साधा ‘अ’ लिहून वेळ निभावतो आहोत. खरा उपाय सर्व्हरच्या सेटिंगमध्ये मराठी कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) परत लावणे हाच आहे, आणि त्यानंतर क्रमाच्या नोंदी नव्याने बांधणारी स्क्रिप्ट चालवणे. फक्त सेटिंग बदलल्याने जुन्या नोंदी हलत नाहीत. ही दोन्ही कामे विकीच्या प्रचालकाच्या (ॲडमिनच्या) हातातली नाहीत.

याच अक्षराचा आणखी एक त्रास आहे. काही कीबोर्ड ‘ॲ’ एका अक्षरात देतात, काही ‘अ’ला वेगळा चंद्र जोडतात, काही ‘ऍ’ टाकतात. पहिली दोन रूपे पडद्यावर सहसा सारखीच दिसतात, पण सॉफ्टवेअर त्यांना एक मानत नाही. शीर्षकात चंद्र वेगळा आला तर पान तयार होऊ न देणारा नियम आम्ही लिहिला होता; अपग्रेडमध्ये तो गळाला, आणि ॲलेक्झांडरची दोन पाने झाली. तो नियम परत बसवावा.

आणि कृपया ‘लहान पाने एकत्र करा’ ही सोय आमच्यासाठी कायमची बंद करावी. रेना हे निःसंदिग्धीकरणाचे, म्हणजे एकाच नावाचे वेगवेगळे अर्थ दाखवणारे पान होते : रॅनी हे पात्र पहिल्या भेटीत स्वतःचे नाव रेना सांगते, आणि ‘रेनाज राइज’ हा वेगळा मनोराही आहे. असे पान लहानच असते. आपल्या यंत्राने ते रॅनीच्या पानात मिसळले. मार्गिटचे पान मॉर्गॉटमध्ये मिसळल्याने तर स्टॉर्मव्हेलच्या दाराशी अडलेल्या नवख्या खेळाडूला हे दोघे एकच आहेत हे पुढचे, लेंडेलमधले गुपित आयतेच कळते. ही दोन पाने आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली होती. शिवाय मिसळलेला मजकूर इतिहासात सांगकाम्याच्या नावावर दिसतो. आमचा मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बीवाय-एसए परवान्याखाली आहे, त्यात मूळ लेखकांचे श्रेय ही अट आहे. मूळ पाने त्यांच्या इतिहासासह परत हवीत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे (१९१५) तक्रार नोंदवू व बिघाडाच्या काळाचे शुल्क परत मागू. दुरुस्ती आधी पाच पानांवर करून दाखवावी : ॲलेक्झांडर, डायालोस, रेना, मार्गिट, ॲस्टेल. आम्ही ती तपासून कळवेपर्यंत आपला सांगकाम्या आमच्या विकीवर चालवू नये.

आपले,
विकीचे प्रचालक व संपादक

सोबत : बिघडलेल्या पानांची यादी, प्रत्येक पानाच्या शेवटच्या धड आवृत्तीच्या क्रमांकासह