नावेच्या मागे लावायची नवी आउटबोर्ड मोटर वारंवार तापण्याबाबत आणि चुकीच्या कारणाने हमी नाकारल्याबाबत तक्रार

दिनांक : ९ मे २०२५
नागपूर

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : १५ अश्वशक्तीची चार-स्ट्रोक आउटबोर्ड मोटर तीन वेळा तापून बंद पडल्याबाबत, दुरुस्तीचा खर्च परत मिळण्याबाबत व जॉब कार्डवरील (दुरुस्तीच्या नोंदपत्रावरील) शेरा रद्द करण्याबाबत.

महोदय,

मी आणि माझा धाकटा भाऊ अंभोऱ्याच्या बाजूने गोसीखुर्द जलाशयात मासेमारी करतो. त्याच कामासाठी, म्हणजे आमच्या स्वतःच्या उपजीविकेसाठी, मी ८ फेब्रुवारी २०२५ रोजी आपल्या कंपनीची मोटर नागपुरातील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून २,१०,००० रुपये रोख देऊन खरेदी केली. ही मोटर १९ मार्च, ४ एप्रिल आणि २७ एप्रिल या तीन दिवशी भर पाण्यात तापली आणि प्रत्येक वेळी आम्हाला वल्ह्यांवर परत यावे लागले. आपल्या सेवा केंद्राने मात्र जॉब कार्डवर “पाण्यातील घाण, ग्राहकाची निष्काळजी, हमी लागू नाही” असे लिहून दिले. हा शेरा खरा नाही आणि तो का खरा नाही, हे पुराव्यानिशी सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मोटर ताब्यात देण्याच्या दिवशी विक्रेत्याच्या आवारात ती लाकडी घोडीवर बसवली होती. खाली पाण्याचे पिंप नव्हते, पाण्याची नळीही लावलेली नव्हती. तेथील कारागिराने दोरी ओढून मोटर सुरू केली आणि आवाज किती मऊ आहे हे दाखवण्यासाठी ती तशीच कोरडी चालू ठेवली. नवी मोटर सुरू झाल्याच्या आनंदात माझ्या पुतण्याने मोबाइलवर चित्रण केले. त्या चित्रणात मोटर १ मिनिट १० सेकंद पाण्याविना चालताना दिसते. बंद केल्यावर रबर जळाल्यासारखा वास आला होता, परंतु नव्या यंत्राचा रंग तापला असेल असे मला तेव्हा वाटले. इंजिन थंड ठेवणारे पाणी ओढणाऱ्या पंपातील रबरी इम्पेलर, म्हणजे पात्यांचे चाक, पेटीला घासूनच फिरतो आणि त्याला वंगण मिळते ते फक्त पाण्याचे. पाण्याशिवाय काही क्षण फिरला तरी त्याची पाती करपतात. ही गोष्ट मला नंतर कळली. आपल्या विक्रेत्याच्या कारागिराला ती आधीपासून माहीत असायला हवी होती.

पहिल्या दिवसापासूनच मोटरीच्या मागच्या छिद्रातून पडणारी पाण्याची धार दाभणाएवढी बारीक होती. १९ मार्चला किनाऱ्यापासून दीड किलोमीटरवर बझर वाजू लागला, मोटरीचा वेग आपोआप उतरला आणि मी ती ताबडतोब बंद केली. वारा पश्चिमेचा होता, नावेत आम्ही दोघे आणि ओली जाळी होती. किनारा गाठायला दोन तास लागले. सेवा केंद्राने इम्पेलर बदलून ३,८५० रुपये घेतले आणि जुना इम्पेलर पिशवीत घालून परत दिला. त्याच्या सहा पात्यांपैकी दोन पात्यांची टोके तुटलेली होती आणि तिसऱ्याला चीर गेलेली होती. तुटलेली टोके कोठे गेली, हा प्रश्न त्या दिवशी कोणीही विचारला नाही. माझ्या मते सगळी चूक तेथेच झाली, कारण पंपातून तुटलेला तुकडा पाण्याच्या दाबाने वरच चढतो आणि इंजिनातील अरुंद वाटांमध्ये अडकतो.

नव्या इम्पेलरनंतर धार करंगळीएवढी जाड झाली आणि हळू वेगात मोटर तासभर काहीही त्रास न देता चालली. परंतु ४ एप्रिलला जाळी टाकून परतताना पूर्ण वेग दिल्यावर पंधरा मिनिटांत बझर पुन्हा वाजला. त्या वेळीही धार जोरातच पडत होती. सेवा केंद्रात मी हे दोनदा सांगितले, तरी त्यांनी थर्मोस्टॅटचे, म्हणजे ठरावीक उष्णतेला उघडून पाणी पुढे सोडणाऱ्या झडपेचे, झाकण न उघडता पुन्हा इम्पेलरच बदलला, ४,१०० रुपयांचे बिल दिले आणि वर उल्लेख केलेला शेरा लिहिला. तोंडी असेही सांगितले की नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात मोटर तापणारच.

उन्हाचे कारण टिकत नाही, कारण ही मोटर हवेने नव्हे, पाण्याने थंड होते. भर दुपारी मी जलाशयाचे पाणी मोजले तेव्हा ते ३१ अंश होते आणि थर्मोस्टॅट उघडतो तो ६० अंशांच्या सुमारास. घाणीबद्दल सांगायचे तर नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानमार्गे याच जलाशयात येते आणि पाण्यात जलपर्णी माजते, हे मी नाकारत नाही. म्हणूनच आम्ही दर फेरीला मोटर उचलून पाणी ओढणारी जाळी हाताने साफ करतो. पण ती जाळी गच्च झाली असती किंवा पंप निकामी असता, तर मागची धारही मंदावली असती. धार जोरात आणि तरीही इंजिन गरम, याचा अर्थ पाणी पंपापर्यंत नीट येते आहे आणि अडथळा त्याच्या पुढे, इंजिनाच्या आत आहे. या मोटरीत ती धार थर्मोस्टॅटच्या आधीच फुटते, त्यामुळे पुढची वाट बुजली तरी ती पडतच राहते. केवळ धार पाहून निदान करणाऱ्या आपल्या कारागिरांना एवढी गोष्ट ठाऊक नसावी, याचे मला खरोखर दुःख वाटते.

२७ एप्रिलला तिसऱ्यांदा तेच घडल्यावर मी दुसऱ्या दिवशी सेवा केंद्रात जाऊन थर्मोस्टॅट तपासण्याची लेखी विनंती केली. तिला उत्तर आले नाही. म्हणून २ मे रोजी, डिझेल पंपांची कामे करणाऱ्या माझ्या ओळखीच्या मिस्त्रीच्या समोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत चित्रण करून झाकण उघडले. थर्मोस्टॅट दोऱ्याला बांधून पातेल्यातील पाण्यात सोडला आणि पाणी तापवत नेले. तापमापकावर ६० अंश दिसत असताना तो व्यवस्थित उघडला. तो निर्दोष होता. मात्र त्याच्या खालच्या वाटेत काळ्या रबराचे दोन तुकडे आडवे बसलेले होते. त्यातला मोठा अंगठ्याच्या नखाएवढा, एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने फाटलेला होता. मी जुना इम्पेलर पिशवीतून काढून दोन्ही तुकडे तुटक्या पात्यांना लावून पाहिले, तेव्हा फाटलेली कड कडेला तंतोतंत जुळली. तुकडे काढून, वाटा उलट्या बाजूने पाण्याने धुऊन आणि झाकणाचे नवे गॅस्केट (सांधा घट्ट बसवणारे अस्तर) घालून मोटर बसवली. त्यानंतर ती पाऊण वेगात सलग दोन तास चालली आणि बझर वाजला नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. दोन्ही बिलांचे मिळून ७,९५० रुपये परत करावेत आणि जॉब कार्डवरील शेरा लेखी रद्द करावा. तीन वेळा तापलेल्या इंजिनाचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) वाकलेले असू शकते आणि हेड गॅस्केट कमकुवत झालेले असू शकते. त्यामुळे आपल्या अभियंत्याने कंपनीच्या खर्चाने सिलिंडरचा दाब मोजून अहवाल द्यावा आणि या कारणाने पुढे उद्भवणारा बिघाड हमीत धरला जाईल असे लिहून द्यावे. विक्रेत्याच्या आवारात पाण्याच्या पिंपाशिवाय एकही मोटर सुरू होणार नाही, अशी सक्त सूचनाही द्यावी. ८ फेब्रुवारीला माझ्या पुढच्या ग्राहकाची मोटरही तशीच कोरडी चालवताना मी पाहिली आहे आणि तो गृहस्थ कोणत्या पाण्यात नाव घालतो हे मला माहीत नाही.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे मी दाद मागेन. तुकडे आणि जुना इम्पेलर माझ्याकडे सीलबंद ठेवले आहेत. आपला अभियंता आल्यावर ते त्याच्यासमोर उघडीन. खरेदीचे बिल, दोन्ही दुरुस्तीची बिले, जॉब कार्ड, २८ एप्रिलच्या विनंतीची पोच आणि छायाचित्रे यांच्या प्रती सोबत जोडल्या असून दोन्ही चित्रणे स्वतंत्र पेन ड्राइव्हमध्ये पाठवीत आहे.

आपला,
(सही)
मोटरधारक ग्राहक, नागपूर