‘निसर्गाचे चक्र’ म्हणताना ते कोणते, हेही सांगावे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘हवामान पूर्वीपासून बदलतच आले आहे, त्यात माणसाचा काय दोष?’ हा युक्तिवाद वाचकपत्रांतून वारंवार दिसतो. त्याचा पहिला भाग खरा आहे. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल सावकाश बदलतो, त्यातून हिमयुगे आली आणि गेली. पण ही चक्रे सुमारे २६ हजार, ४१ हजार आणि १ लाख वर्षांची. दीडशे वर्षांत जगाच्या सरासरी तापमानात झालेली १.१ अंश सेल्सिअसहून अधिक वाढ त्यांच्या आवाक्यातली नाही. उत्तर गोलार्धावरचे उन्हाळी ऊन तर हजारो वर्षे हळूहळू घटतेच आहे.

सूर्याचे म्हणाल, तर उपग्रह १९७८ पासून त्याचे तेज मोजत आहेत. अकरा वर्षांच्या सौरचक्रात ते जेमतेम ०.१ टक्का खालीवर होते. इतक्या वर्षांत चढता कल दिसलेला नाही. शिवाय सूर्य तापला असता तर वातावरणाचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात खालचा थर तापतो आहे आणि वरचे स्थितांबर थंड होते आहे. कार्बन डायऑक्साइड खाली उष्णता अडवतो, वरच्या विरळ हवेत मात्र ती अवकाशात फेकतो. ओझोन घटल्याचाही या थंड होण्यात वाटा होता, पण ती घट थांबल्यावरही वरचे थर निवतच आहेत.

मग हा वायू आला कुठून? ज्वालामुखींमधून वर्षाला निघणारा कार्बन डायऑक्साइड माणसाच्या उत्सर्जनाच्या एक टक्काही भरत नाही. खरा पुरावा कार्बनमध्येच आहे. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार दर ५,७३० वर्षांनी निम्मा होतो. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात आणि तेलात तो उरतच नाही. ते जाळले की हवेतल्या कार्बनमध्ये त्याचे प्रमाण उतरते, आणि तसे ते उतरल्याचे १९५० च्या दशकातच मोजले गेले. ज्वलनात खर्च होणारा प्राणवायूही हवेत किंचित पण सातत्याने कमी होतो आहे. ज्वालामुखीच्या वायूने तो असा घटला नसता. समुद्रातून वायू बाहेर पडत असावा ही शंकाही टिकत नाही, कारण समुद्रात विरघळलेला कार्बन वाढतोच आहे आणि पाणी अधिक आम्लधर्मी होते आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. आता तो ४२० च्या वर आहे.

नैसर्गिक चढउतार मात्र नाकारू नयेत. १९९१ मध्ये फिलिपिन्समधल्या पिनाटुबोच्या उद्रेकाने जगाचे तापमान वर्ष-दोन वर्षे सुमारे अर्धा अंश उतरले होते. १९७२ चा महाराष्ट्रातला दुष्काळ एल निनोच्या, म्हणजे प्रशांत महासागराचे पाणी अधूनमधून तापते तशा, वर्षातला. पण एल निनो समुद्रातली उष्णता हवेत आणतो, नवी निर्माण करत नाही. आज समुद्र आणि हवा दोन्ही तापत आहेत.

म्हणून आपल्या दैनिकाला विनंती: कोणी ‘निसर्गाचे चक्र’ म्हटले, की ते कोणते, किती वर्षांचे आणि सध्या कोणत्या दिशेला आहे, हे विचारूनच छापावे. आणि एखाद्या गारपिटीचे खापर, तिचा स्वतंत्र अभ्यास झाल्याखेरीज, हवामानबदलावर फोडणारा मथळाही देऊ नये.

आपला,
एक वाचक