शिवले ते हृदय नव्हे, आणि एमा कुठे गेली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डॉ. डॅनियल हेल विल्यम्स यांच्यावरचे टिपण वाचले. अमेरिकेतल्या या कृष्णवर्णीय शल्यविशारदाची ओळख आपण मराठी वाचकांना करून दिलीत, याबद्दल आधी मनापासून आभार. मात्र 'जगात पहिल्यांदा हृदय शिवणारा डॉक्टर' हा मथळा पाहून राहवेना, म्हणून लिहिते आहे. मी सत्तावीस वर्षे ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरात, सिस्टर होते, त्यातली शेवटची अकरा हृदयशस्त्रक्रियेच्या थिएटरात काढली.

डॉ. विल्यम्स यांनी १८९३ च्या जुलैत शिवले ते हृदय नव्हे, हृदयावरण. हृदयाभोवतीची ही पिशवी पातळ पण चिवट असते, आतून ओलसर, चकचकीत. आमच्याकडे सर्जन ती उघडली की तिच्या काठांना रेशमाचे टाके घेऊन ती वर ताणून धरत. ते टाके हातात देताना पहिल्या दिवशी माझा हात थरथरला होता, कारण समोरची प्रत्येक गोष्ट ठोक्यागणिक वरखाली होत होती. आणि आमच्या दिमतीला साठलेले रक्त ओढून घेणारे सक्शन होते, हृदय-फुप्फुसांचे काम तात्पुरते करणारे हार्ट-लंग मशीन होते, रक्तपेढीतून आलेल्या पिशव्या होत्या. डॉ. विल्यम्स यांच्याकडे यातले काहीच नव्हते. क्ष-किरणांचा शोध लागायला अजून दोन वर्षे होती, रक्तगट कळायला आठ आणि पेनिसिलीनला तर पस्तीस.

जेम्स कॉर्निश हा चोवीस वर्षांचा तरुण भांडणात छातीत सुरा लागून आला. बाहेरून जखम लहानशी दिसत होती. पण रात्रीतून नाडी क्षीण होत गेली, छातीत कळा येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी छाती उघडायचे ठरवले. छातीच्या आतली एक रोहिणी (शुद्ध रक्त नेणारी रक्तवाहिनी) तुटली होती, ती त्यांनी बांधली. हृदयावरणाला इंचभराहून थोडा मोठा छेद गेला होता, तो बारीक कॅटगटने, म्हणजे जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याने, शिवला, तोही हृदय चालू असताना. हृदयाच्या स्नायूवरही एक अगदी लहान जखम दिसली. ती वाहत नव्हती, म्हणून त्यांनी तिला हात लावला नाही. मला त्या टाक्यांपेक्षा हा न घातलेला टाका मोठा वाटतो. पुढे रुग्णाच्या छातीत पाणी साठले, ते पुन्हा काढावे लागले. एक्कावन्नाव्या दिवशी कॉर्निश आपल्या पायांनी घरी गेला आणि त्यानंतर वीसेक वर्षे जगला. शिकागोत तेव्हा विश्वप्रदर्शन भरले होते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात त्याच शहरात स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलायला उभे राहिले, म्हणजे काळ आपल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे येईल.

'हृदय शिवले' ही चूक आपलीच नव्हे. त्याच जुलैत शिकागोच्या 'इंटर ओशन' या वर्तमानपत्राने तशाच अर्थाचा मथळा दिला होता, आणि तेव्हापासून तो फिरतोच आहे. सेंट लुईसच्या डॉ. हेन्री डाल्टन यांनी १८९१ मध्येच हृदयावरण शिवले होते. प्रत्यक्ष हृदयाच्या स्नायूला यशस्वी टाके घातले ते फ्रँकफर्टच्या डॉ. लुडविग रेन यांनी, १८९६ मध्ये. हे सांगितल्याने डॉ. विल्यम्स यांची उंची तसूभरही कमी होत नाही. उलट 'पहिले' या एका शब्दाच्या हौसेपायी त्यांचे खरे काम झाकले जाते, ही माझी तक्रार आहे.

ते काम म्हणजे ज्या इस्पितळात ही शस्त्रक्रिया झाली ते प्रॉव्हिडंट इस्पितळ. आपल्या टिपणात त्याला अर्धे वाक्य मिळाले, आणि ज्या मुलीमुळे ते उभे राहिले तिचे नावही नाही.

एमा रेनॉल्ड्स ही कृष्णवर्णीय तरुणी नर्स व्हायला शिकागोत आली. एकाही नर्सिंग शाळेने तिला घेतले नाही. कारण एकच, कातडीचा रंग. तिचे भाऊ पाद्री होते, ते डॉ. विल्यम्स यांच्याकडे गेले. डॉक्टर स्वतः त्याच भिंतीशी झगडत होते. शिकागो मेडिकल कॉलेजातून १८८३ मध्ये पदवी घेतली, तिथेच शरीररचनाशास्त्र शिकवत होते, तरी शहरातल्या इस्पितळांत कृष्णवर्णीय डॉक्टरला शस्त्रक्रिया करायला टेबल मिळत नसे. रुग्णांच्या घरी जाऊन, स्वयंपाकघरातल्या टेबलावर शस्त्रक्रिया कराव्या लागत. अशा माणसाने एमासाठी ओळखीपाळखीतून कुठेतरी एक जागा मिळवून दिली असती तरी कुणी नावे ठेवली नसती. त्यांनी इस्पितळच काढले. वस्तीतल्या लोकांनी पै-पैसा दिला, चादरी दिल्या, काही गोऱ्या धनिकांनीही हात दिला आणि १८९१ मध्ये एका तिमजली घरात बारा खाटांचे प्रॉव्हिडंट सुरू झाले, सोबत नर्सिंग शाळा. रुग्ण काळे-गोरे दोन्ही, डॉक्टरही दोन्ही. कॉर्निशच्या शस्त्रक्रियेला जे सहा डॉक्टर भोवती उभे होते त्यांतले चार गोरे होते. एमा तिथल्या पहिल्या तुकडीतून नर्स झाली आणि तेवढ्यावर न थांबता १८९५ मध्ये डॉक्टरही झाली.

जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांना. त्या मुक्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांनीही दारे कशी बंद होती, हे एमाकडे पाहिले की कळते. आमच्या शिकाऊ दिवसांत वसतिगृहातल्या एका मुलीशेजारची खाट कुणी घेईना, महिनाभर ती रिकामीच राहिली. ती मुलगी पुढे आमच्या तुकडीत पहिली आली. टिपण वाचताना मला तीच आठवत होती.

डॉ. विल्यम्स यांचे वडील न्हावीकाम करत. मुलगा लहान असतानाच ते वारले. डॅनियलने जोडे बनवणाऱ्याकडे उमेदवारी केली, पुढे विस्कॉन्सिनमध्ये केस कापण्याचे दुकान चालवले, आणि तिथून डॉ. हेन्री पामर यांच्या हाताखाली वैद्यकी शिकायला लागले. १८९४ मध्ये त्यांना वॉशिंग्टनच्या फ्रीडमेन्स इस्पितळाचे मुख्य शल्यविशारद नेमले, तिथेही त्यांनी नर्सिंग शाळा काढली. चांगली नर्स नसेल तर सर्जनचे कौशल्य वॉर्डात वाया जाते, हे ज्यांना उमगले अशा डॉक्टरांपैकी ते होते. मला आयुष्यात असे दोनच भेटले. १८९५ मध्ये कृष्णवर्णीय डॉक्टरांची नॅशनल मेडिकल असोसिएशन स्थापन झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या १९१३ च्या संस्थापक सभासदांत ते एकटेच कृष्णवर्णीय.

एक गोष्ट लिहिताना मात्र वाईट वाटते. १९१२ मध्ये सेंट ल्यूक्स या गोऱ्यांच्या मोठ्या इस्पितळाने त्यांना बोलावले, तेव्हा प्रॉव्हिडंटच्या मंडळींनी अट घातली की सारे रुग्ण आमच्याकडेच आणा. डॉक्टरांनी राजीनामा दिला आणि आपणच उभ्या केलेल्या इस्पितळातून बाहेर पडले. १९२६ मध्ये त्यांना पक्षाघात झाला, ४ ऑगस्ट १९३१ रोजी मिशिगनमधल्या आयडलवाइल्ड येथे ते गेले. आपल्या टिपणात शेवटची ही वर्षे नव्हती. ती असायला हवी होती.

तेव्हा दोन विनंत्या. मथळ्याची दुरुस्ती येत्या अंकात छापावी. आणि १२ मे रोजी परिचारिका दिनाचे पान आपण दरवर्षी काढता, त्यात यंदा एमा रेनॉल्ड्सला जागा द्यावी. आमच्या गावातल्या नर्सिंग कॉलेजच्या फळ्यावर ते कात्रण मी स्वतः नेऊन लावीन.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त परिचारिका, सोलापूर