गोमती लखनौला गेली, आमच्या गोदावरीचं काय? सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुलं पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

साहेब, लहानपणी माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती की मामाची बोट एक दिवस नाशिकच्या रामकुंडात येणार. मामा मुंबईला माझगाव डॉकमध्ये वेल्डर, राहायला घोडपदेवच्या चाळीत, आणि दिवाळीला नाशिकला आला की सांगायचा आम्ही गोदावरी बांधतोय. आता नाशिकच्या पोराला गोदावरी म्हणजे काय, तर घाट, दुतोंड्या मारुती आणि पावसाळ्यात पूर आला की मारुतीच्या कुठपर्यंत पाणी लागलं ते बघायला जाणं. त्यामुळे गोदावरी नावाची बोट नाशिकलाच येणार ना, अजून कुठे जाणार? मी शाळेतल्या पोरांना सांगून पण टाकलेलं. बोट काय आली नाही, पोरांनी मात्र वर्षभर चिडवलं.

ती बोट म्हणजे नौदलाची युद्धनौका आयएनएस गोदावरी, नंबर एफ २०. १० डिसेंबर १९८३ ला नौदलात दाखल झाली आणि २३ डिसेंबर २०१५ ला मुंबईतच तिला निवृत्त केलं, म्हणजे ३२ वर्षं आणि वर १३ दिवस. हे पत्र तिच्याबद्दल आहे आणि तिच्या आधी तेच नाव लावून गेलेल्या दोन बोटींबद्दल पण, कारण तिघींची गोष्ट एकत्र सांगितल्याशिवाय मी काय मागतोय आणि का मागतोय ते कळणार नाही.

पहिली गोदावरी इंग्रजांच्या काळातली. इंग्लंडात साउदम्प्टनला थॉर्निक्रॉफ्टच्या यार्डात बांधलेली स्लूप, म्हणजे छोटी युद्धनौका, १९४३ मध्ये रॉयल इंडियन नेव्हीत आली. ऑगस्ट १९४४ मध्ये हिंदी महासागरात सेशेल्सच्या बाजूला हिने आणि फिंडहॉर्न नावाच्या ब्रिटिश फ्रिगेटने (फ्रिगेट म्हणजे मध्यम आकाराची युद्धनौका) मिळून जर्मनांची यू-१९८ ही पाणबुडी बुडवली. नाशिकच्या नदीचं नाव घेतलेल्या बोटीने हिटलरची पाणबुडी बुडवली, हे मला वयाच्या चाळिशीपर्यंत माहीत नव्हतं, आणि मी जन्मापासून नाशिकमध्ये आहे. मग फाळणी झाली. टेबल-खुर्च्या, पुस्तकं, बँडची वाद्यं सगळ्याची वाटणी झाली तशी बोटींची पण झाली, त्यात नर्मदा आणि गोदावरी या दोघी पाकिस्तानच्या वाट्याला गेल्या. तिकडे नर्मदेचं नाव झेलम केलं आणि गोदावरीचं सिंध. नदीच्या जागी नदीच घातली, एवढा हिशोब मात्र त्यांनी पाळला.

दुसरीची कुंडली तर भलतीच आहे. १९४१ मध्ये पाण्यात सोडली तेव्हा तिचं नाव बीडेल, ब्रिटिश हंट क्लासची विनाशिका. पण पुढच्याच वर्षी ती पोलंडच्या नौदलाला दिली, पोलंड तेव्हा जर्मनांच्या ताब्यात आणि त्यांचे खलाशी इंग्लंडातून लढत होते. तिथे तिचं नाव श्लोंझाक. या नावाने ती १९४२ च्या दिएपच्या हल्ल्यात होती आणि १९४४ ला नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर पण होती. युद्ध संपल्यावर परत ब्रिटिशांकडे, आणि १९५३ ला आपल्याकडे, सोबत गंगा आणि गोमती नाव दिलेल्या अजून दोन सेकंडहँड विनाशिका. म्हणजे एकाच बोटीला आधी इंग्रजी नाव, मग पोलिश, मग मराठी माणसाच्या नदीचं. (आंध्र-तेलंगणावाल्यांनी रागावू नका, नदी तुमची पण आहेच, पण उगम आमचा.) १९७६ मध्ये ही बोट मालदीवच्या बेटांजवळ उथळ पाण्यात रुतली आणि तिथून तिचं आयुष्य संपल्यातच जमा होतं, पुढे भंगारात निघाली.

मालदीव लक्षात ठेवा साहेब, परत येणार आहे.

तिसरी म्हणजे मामाची. तिच्याआधी माझगाव डॉकने नीलगिरी आणि तिच्या बहिणी बांधल्या होत्या, पण त्यांचं डिझाइन ब्रिटिशांचं, लिअँडर क्लासचं. गोदावरी ही भारतात डिझाइन केलेली पहिली फ्रिगेट. इंजिनं नीलगिरीसारखीच वाफेवरची ठेवली, पण बोट लांबवली, जवळजवळ १२६ मीटर, आणि त्याच ताकदीत वरचा सगळा संसार बदलला. मिसाइलं आणि तोफा रशियन, इलेक्ट्रॉनिक्समध्ये इटालियन माल, पाण्याखालची पाणबुडी शोधणारं सोनार यंत्र आपलं स्वतःचं, आणि मागे एक नाही तर दोन सी किंग हेलिकॉप्टरं बसतील असं हँगर. रशियन वस्तूला एक प्रकारची वीज लागते, युरोपातल्या वस्तूला दुसरी, आणि हे सगळं एका बोटीत एकमेकांच्या डोक्यावर न बसता चालवायचं. हे काही सोपं काम नव्हतं, अमेरिकेच्या बाजूचे लोक सहसा तिकडून घ्यायचे आणि रशियाच्या बाजूचे इकडून, आपण दोन्हीकडून घेऊन स्वतःच्या घरात जोडत बसलो होतो.

हे मोठं मोठं मी नंतर वाचलं. मामाकडून ऐकलं ते वेगळंच. तो सांगायचा की डॉक्टर माणसाचा एक्सरे काढतात, आमच्याकडे जोडाचा काढतात. वेल्डिंग झालं की जोडाची फिल्म काढायची, आत बारीक बुडबुडा जरी दिसला तरी साहेब खडूने गोल करून जायचा, मग तेवढा भाग खरवडून काढायचा आणि परत भरायचा. एका पाळीत दोन गोल पडले की मामा घरी जेवायचा नाही धड. कधी वेल्डिंगचा झगझगीत उजेड (आर्क) डोळ्यांना लागून आला की रात्रभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं व्हायचं, मामी बटाट्याच्या चकत्या कापून पापण्यांवर ठेवायची आणि तो अंधारात पडून राहायचा. त्याच्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ठिणग्यांचे बारीक पांढरे ठिपके आहेत, अजून आहेत. लहानपणी आम्ही ते मोजायचो.

१५ मे १९८० ला बोट पाण्यात सोडली तेव्हा तो होता. तो म्हणतो नारळ कोणी फोडला वगैरे आम्हाला मागून काय दिसणार, आम्ही ऐकत होतो ते लाकडाचं. खालचे टेकू निघायला लागले की लाकूड कुरकुरतं, मग एकदम शांत, मग बोट सरकते आणि खाली घसरायला लावलेल्या चरबीचा जळल्यासारखा वास येतो. दोन वर्षं डोक्यावर होतं ते लोखंड आणि दोन मिनिटात समोर नुसती मोकळी जागा. तो म्हणतो त्या दिवशी पोरगी सासरी गेल्यासारखं झालं, आणि हे वाक्य त्याने इतक्यांदा सांगितलंय की आता मामी त्याच्या आधीच बोलून टाकते.

पुढे या बोटीने काय काय केलं. १९८६ ला न्यूयॉर्कला स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याची शंभरी झाली तेव्हा देशोदेशीच्या युद्धनौका गेल्या होत्या, त्यात भारताकडून ही. नोव्हेंबर १९८८ ला मालदीवमध्ये भाडोत्री बंदूकवाल्यांनी बंड केलं, राष्ट्राध्यक्ष गयूम यांनी मदत मागितली, आपले पॅराट्रूपर आग्र्याहून विमानाने रातोरात उतरले ते सगळ्यांना माहितीय. पण त्यातले काही बंडखोर प्रोग्रेस लाइट नावाचं व्यापारी जहाज पळवून ओलीस घेऊन समुद्रात निसटले, आणि ओलिसांमध्ये मालदीवचे एक मंत्री पण होते. त्यांच्यामागे गोदावरी आणि बेतवा या आपल्या दोन युद्धनौका गेल्या, तोफा चालवून ते जहाज थांबवलं आणि बंडखोर पकडले. ज्या मालदीवजवळ दुसरी गोदावरी उथळ पाण्यात रुतून संपली होती त्याच मालदीवसाठी बारा वर्षांनी तिसरी गोदावरी हे करून आली. मला हे भारी वाटतं, तुम्हाला पण वाटेल अशी आशा आहे.

आणि जून २०११. एडनच्या आखाताकडे सोमाली चाच्यांनी सोडलेलं एमव्ही सुएझ नावाचं जहाज, त्यावर आपले खलाशी पण होते. त्याच्या मदतीला गोदावरी तिथे असताना पाकिस्तानची बाबर ही युद्धनौका तिला घासून गेली, आपण रीतसर निषेध नोंदवला. पहिली गोदावरी पाकिस्तानने वाटणीत नेली आणि तिसरीला खांदा मारून गेले. नुकसान किरकोळ झालं पण मामाने त्या दिवशी बातम्या बघताना टीव्हीला जे शब्द वापरले ते मी मंत्र्यांच्या पत्रात लिहू शकत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

तिसऱ्या गोदावरीच्या पाठच्या दोन बहिणी, त्यांची नावं पण गंगा आणि गोमती, दोघी माझगाव डॉकमध्येच बांधल्या. गोमती २८ मे २०२२ ला मुंबईत निवृत्त झाली आणि त्याच वेळी नौदलाने जाहीर केलं की तिच्यावरची शस्त्रसामग्री लखनौला गोमती नदीच्या काठी उघड्यावरच्या संग्रहालयात ठेवणार. उत्तर प्रदेश सरकारने पुढाकार घेतला म्हणून झालं ते. लखनौ साहेब! जिथून समुद्र बघायला जायचं तर जवळजवळ अख्खा एक दिवस ट्रेनमध्ये काढावा लागेल. त्यांनी मागितलं, त्यांना मिळालं, याबद्दल त्यांचं मनापासून कौतुक. बांधली मात्र आपल्या गिरणगावाच्या शेजारी, आपल्या माणसांनी.

आणि गोदावरी, जी आपल्या राज्यात बांधली, आपल्या राज्यात उगवलेल्या नदीच्या नावाने, आपल्या राज्यातच निवृत्त झाली, तिच्यासाठी मी गोदाघाट पालथा घातला तर मला साधी पाटी सापडली नाही. त्र्यंबकला पण बघून आलो. आत्ता नौदलात त्या नावाची बोट पण नाहीये.

तुमच्या ऑफिसातून उत्तर येईल की संरक्षण हा केंद्राचा विषय. बरोबर आहे, पण मग उत्तर प्रदेशला ते कसं जमलं? दीव बघा, एवढंसं बेट. १९७१ च्या युद्धात ९ डिसेंबरला दीवजवळ खुकरी ही फ्रिगेट बुडाली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला बोटीबरोबर गेले, १८ अधिकारी आणि १७६ खलाशी गेले. तेच नाव पुढे एका कॉर्वेटला (फ्रिगेटपेक्षा लहान युद्धनौकेला) दिलं, आणि ती २०२१ च्या शेवटी निवृत्त झाल्यावर दीवने ती अख्खीच्या अख्खी मागून घेतली. नावाचा धागा कसा धरायचा ते त्यांना कळलं. आपलं काय झालं, तर विक्रांत. १९९७ ला निवृत्त झालेली विमानवाहू नौका मुंबईत संग्रहालय म्हणून २०१२ पर्यंत उभी होती, पैसे नाहीत पैसे नाहीत करत शेवटी २०१४ ला मुंबईतल्या दारूखाना इथल्या जहाजं तोडायच्या यार्डात तोडायला घेतली आणि तिच्या पोलादाची मोटारसायकल निघाली. ती बाईक आमच्या कॉलनीत एकाकडे आहे, सिग्नलला शेजारी आली की मला दर वेळी कसंतरी होतं. आणि पैशाचंच म्हणाल तर सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात गुलदार ही नौदलाची निवृत्त बोट बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचा प्रकल्प आपल्याच राज्याने हातात घेतला ना? म्हणजे मनात आलं की जमतं.

मी अख्खी बोट मागत नाहीये. १२६ मीटरची बोट कसारा घाटातून वर येणार नाही एवढं मला आता कळतं. तुम्ही नौदलाला राज्य सरकारच्या लेटरहेडवर एक पत्र लिहा की गोदावरीची घंटा, नामफलक, बोधचिन्ह, सुटे भाग, जे काही जपून ठेवलेलं असेल ते महाराष्ट्राला द्या. आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी नाशिकमध्ये घाटांवर, रस्त्यांवर एवढा खर्च चाललाय त्यात एक खोली काढा. एक खोली. तिथे तिन्ही गोदावरींची गोष्ट मराठीत लिहा, पाणबुडी, पोलिश खलाशी, मालदीव सगळं. देवळालीचा तोफखाना, ओझरचा विमान कारखाना हे सगळं नाशिकच्या आसपास आहेच, पोरांच्या सहली येतात, त्यात हे एक. नाशिकला जागा नसेल तर पैठणला करा, नांदेडला करा, नदी तिकडे पण जाते, मी भांडणार नाही. (थोडा भांडेन.)

त्या खोलीत एका भिंतीवर बांधणाऱ्यांची नावं हवीत. कप्तानांची यादी नौदल ठेवतंच. पण वेल्डर, फिटर, प्लेटर, रंगारी, क्रेनवाले, ज्यांच्या जोडांचे एक्सरे निघाले त्यांची नावं हजेरीच्या जुन्या रजिस्टरात कुठेतरी असतील, आणि त्या पिढीतली बरीच माणसं कोकणात, घाटावर आपापल्या गावी अजून आहेत तोवरच हे करता येईल. मामा आता पंचाहत्तरी पार आहे, नाशिकलाच आमच्याकडे असतो.

आणि जाता जाता केंद्राकडे एवढी शिफारस पण करून टाका की नव्या बोटींची नावं ठरवताना गोदावरीचा विचार करा. नीलगिरी बघा, तीच नीलगिरी जिच्या डिझाइनवरून हे सगळं सुरू झालं, तिचं नाव जानेवारी २०२५ मध्ये नव्या फ्रिगेटला परत मिळालं, ती पण माझगाव डॉकचीच. चौथी गोदावरी व्हायला हरकत काय आहे?

मागच्या वर्षी मामाला घेऊन रामकुंडावर गेलो होतो. पायरीवर बसला, पाण्यात पाय सोडले आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, हिच्या नावाची एवढी मोठी बोट मी जोडली पण हिला कोणी सांगितलंच नसेल. त्याच्याकडे बोट सोडल्याच्या दिवसाचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो आहे, लॅमिनेशनच्या आत बुरशी धरलीय पण माणसं ओळखू येतात, आणि मागच्या बाजूला त्याने पेनाने अकरा जणांची नावं लिहिलीयत. खोली झाली तर तो फोटो द्यायला तयार आहे, मी विचारलंय. फक्त म्हणाला पावती घे.

आपला,
एक नाशिककर