वनमंत्री साहेब, खारघरच्या डोंगरावर वणवा अडवणारी जाळरेषा दिवाळीनंतर लगेच तयार करा

मा. वनमंत्री साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही स्वतः नवी मुंबईचे, त्यामुळे खारघरचा डोंगर कुठला ते सांगत बसत नाही. आम्ही आठ-दहा जण दर रविवारी पहाटे साडेपाचला पायथ्याशी भेटतो आणि डांबरी रस्ता सोडून फणसवाडी-चाफेवाडीच्या बाजूच्या कच्च्या वाटांवर पळतो. पावसाळ्यात पांडवकड्याच्या बाजूला बंदी असते, ती आम्ही पाळतो, तिकडे जीव गेलेत. माझं म्हणणं हिवाळ्याबद्दल आहे.

आपल्याकडे वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. पण इथलं गवत तारीख बघून वाळत नाही ना साहेब. ऑक्टोबरात कमरेएवढं हिरवंगार असतं आणि डिसेंबर संपेपर्यंत कडकडीत, मग कुणीतरी पेटती विडी टाकतं नाहीतर पार्टीची शेकोटी तशीच सोडून जातं, आणि चढावर आग धावतेच कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतात.

गेल्या जानेवारीत आम्हीच एका वणव्यात सापडलो होतो. धूर दिसला तसे फोन लावले, एका ऑफिसने दुसऱ्याचा नंबर दिला, दुसऱ्याने विचारलं हद्द कुणाची, शेवटी पाड्यावरची दोन पोरं ओल्या डहाळ्या घेऊन धावत आली. आम्ही येड्यासारखे आगीच्या समोर उभे होतो, त्यांनी ओढून जळून काळ्या झालेल्या बाजूला नेलं आणि तिथून झोडपायला शिकवलं. तासाभरात विझली. पण परतताना टिटवीची जोडी एकाच जागेवर ओरडत घिरट्या घालत होती, ते अजून डोक्यातून जात नाही. त्या उतारावरची माती जूनच्या पहिल्या पावसात वाहून गेली, आता तिथे नुसता मुरूम आणि घळ.

म्हणून मागणी एकच, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायला गवत काढून मोकळा केलेला पट्टा, नोव्हेंबर-डिसेंबरात तयार व्हायला हवी. गवत कापायचं आणि पहाटेचं दव असताना तो पट्टा सांभाळून जाळायचा, मग वणवा आला तरी तिथे त्याला खायला काही मिळत नाही. हे काम पाड्यावरच्या पोरांना रोजंदारीने द्या, डोंगर त्यांच्याइतका कुणालाच माहीत नाही. आणि तीच जाळरेषा आम्हाला सकाळी पळायला, चालायला मोकळी ठेवा, हवं तर नाव नोंदवून पास द्या. रोज पाय पडले की पट्ट्यावर गवत लवकर माजत नाही, शिवाय डोंगरावर डोळे राहतात. उपग्रहावरून आगीचे अलर्ट येतात मान्य, पण त्याच्या चित्रातला एक ठिपका 375 मीटरचा आणि उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो, आम्हाला धूर त्याच्या आधी दिसू शकतो. वनखात्याचा 1926 हा हेल्पलाइन नंबर पायथ्याच्या बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा आणि हद्द कुणाचीही असो, पहिला फोन घेणाऱ्यानेच माणसं पाठवायची असं ठरवून टाका.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही सगळे कोयते, हातमोजे आणि पाणी घेऊन पायथ्याशी हजर राहू. वनरक्षकांना तेवढं कळवून ठेवा.

आपला,
खारघरचा एक डोंगरवेडा